डुला, हे क्रियापद आहे

लालबाग,
१२ मार्च २०२३

ती. सुभद्रामावशीस,

दर्शनाचा नमस्कार. साष्टांग घालायला खोलीत जागा नाही. आईनं वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या निवडायला पसरल्या आहेत, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवर आलेलं तू वाचत नाहीस. तार ऑफिसात सगळी नोकरी काढलेल्या बाईचा भरवसा फक्त पोस्टमनवर, म्हणून ही बातमी टपालानं. मी कॉल सेंटर सोडलं. रागावू नकोस, आईचं रागावून झालं आहे. "आपला कॉल आमच्यासाठी खूप महत्त्वाचा आहे" हे रोज म्हणून मला स्वतःचाच खूप कंटाळा आला होता.

मी आता डूला झाले आहे. म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईची सोबत करायची. तपासणी, इंजेक्शन, बाळ बाहेर काढणं हे सगळं डॉक्टर आणि नर्सचं. आपण तिच्याजवळ राहायचं, कंबर दाबायची, पाणी द्यायचं, धीर द्यायचा. शिवाजी पार्कला इरावतीताई म्हणून आहेत, त्या बरीच वर्षं हे काम करतात. त्यांच्याकडे शिकले. तुला आठवत असेल, मनूच्या बाळंतपणात मी त्या खोलीत एकटी होते. विनीतला आत सोडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होते मी. नुसता हात धरायला कुणी असतं तरी मला खूप झालं असतं, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

सोबत माझं कार्ड ठेवते आहे. विनीत म्हणतो, तुला बोलायला नवीन माणसं हवीच होती. मी खूप खूप खूश आहे.

तुझी,
दर्शना


गिरगाव,
२१ मार्च २०२३

चि. दर्शनास आशीर्वाद. किती ते लिहीत नाही, शब्द वाढतात.

तुझं पत्र सवयीप्रमाणे निळ्या पेन्सिलीनं छाटून परत पाठवते आहे. तारेच्या खिडकीवर माणसं रडत यायची आणि पानभर मजकूर आणायची. मी पहिला "खूप" काढायचे. "आई आजारी" आणि "आई खूप आजारी", दोन्हीला गाडी तीच पकडावी लागते. तुझे सगळे "खूप" काढले, कागद हलका झाला.

कार्ड वाचलं. "दर्शना सावंत, डूला." कळलं नाही. डुला हे क्रियापद आहे, आज्ञार्थी, आणि त्यात तू उकार दीर्घ काढला आहेस. कुणाला सांगते आहेस डुलायला? मी खुर्चीत जरा डुलून पाहिलं, काही झालं नाही. शेजारच्या कमलाबाईंना कार्ड दाखवलं, तर त्याही डुलल्या आणि चहा सांडला.

काम चांगलं आहे. शंका एकच. मालन आणि तू, दोघी मायलेकींच्या तोंडाचा पट्टा मी लहानपणापासून ऐकते आहे, म्हणजे ऐकू येत होतं तोवर. कळा देणाऱ्या बाईला उठून जाता येत नाही, हे लक्षात ठेव.

सुभद्रामावशी


लालबाग,
७ मे २०२३

ती. मावशीस,

तुझ्या तोंडात साखर पडो असं म्हणणार होते, पण तुझं खरं ठरलं, त्यामुळे साखर रद्द.

पहिलं बाळंतपण झालं. परळच्या बाई, स्वतः बँकेत अधिकारी, स्वभावानं करारी. मी जी बोलायला लागले ती लागलेच. श्वास घ्या, सोडा, खूप छान, तुम्ही खूप छान करताय. कळ वाढली की मी आवाज वाढवायचे. डोळे मिटून समुद्र बघा म्हटलं. त्या म्हणाल्या, मला समुद्रानं मळमळतं. तरी मी लाटा काही आवरल्या नाहीत. शेवटी त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाळाचं नंतर बघा. आधी हिला बाहेर काढा."

मला बाहेर काढलं. दाराबाहेर एक लोखंडी बाक होता, त्यावर बसून मी बाळाचा पहिला आवाज ऐकला. आत नवरा होता, तो म्हणे एक शब्द बोलला नाही. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. आईला वाटलं मिरच्या झोंबल्या.

इरावतीताईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या वेळी मला चक्कर आली होती, आणि नर्सनं बाईला सोडून मला लिंबूपाणी दिलं. तरी मला धीर नाही. कॉल सेंटरवाले परत घ्यायला तयार आहेत. काय करू, सांग.

दर्शना


गिरगाव,
१६ मे २०२३

चि. दर्शनास,

परत जाऊ नकोस. मी पहिल्या महिन्यात "मुलगा पास" अशी तार "मुलगा पसार" अशी पाठवली होती. घरच्यांनी पोलिसात वर्दी दिली. खात्यानं मला ठेवून घेतलं, तू स्वतःला ठेवून घे.

उपाय सोपा आहे. तारेसारखी वाग. आत गेलीस की मोजकं बोल आणि तोंड मिट.

सुभद्रामावशी


लालबाग,
८ ऑक्टोबर २०२३

ती. मावशीस,

उत्तराला उशीर झाला. गणपतीत आमच्या गल्लीत पोस्टमनलाही दर्शनाच्या रांगेतूनच यावं लागतं, आणि नंतर माझाच राग शांत व्हायला वेळ लागला. तुझ्यावरचा.

तुझा उपाय मी केला. चिंचपोकळीची एक मुलगी होती, लग्नाला वर्ष झालेलं, बुजरी. मी मूग गिळून तिच्या उशाशी बसले. पाणी हवं का, एवढंच विचारलं. थोड्या वेळानं तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, मॅडम रागावल्या का? मग प्रत्येक कळेला ती माझ्याकडे बघून म्हणायची, "सॉरी मॅडम, जरा दुखतंय." मावशी, ती बाळाला जन्म देत होती आणि माफी माझी मागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी तिला कवेत घेतलं आणि चांगलं भरपूर बोलले. तिला तेच हवं होतं.

तेव्हा तार आणि बाळंतपण यांत फरक आहे, ही नोंद कर.

त्यानंतरची बाई अशी की कंबर दाबायला गेले तर हात झटकला. तिच्या पुढचीनं तोच हात असा धरून ठेवला की नंतर मला जेवताना घास उचलेना. एकीचं दुसरीला चालत नाही. जे शिकून गेले ते पहिल्या तासात संपतं आणि मग मी आणि ती, एवढंच उरतं. मला हे कधी जमेल असं वाटत नाही, पण आता सोडवतही नाही.

दर्शना


गिरगाव,
१९ ऑक्टोबर २०२३

चि. दर्शनास,

सल्ला मागे घेते. खात्यानं हा फरक आम्हाला कधी कळवला नव्हता.

तुझ्या पत्रात "खूप" एकही नाही. पेन्सिल हातात धरून बसले होते, तशीच ठेवली.

सुभद्रामावशी


लालबाग,
२८ जानेवारी २०२४

ती. मावशीस,

आज तुला शरण आले आहे.

परवा नायगावच्या एका बाईबरोबर होते. शाळेत शिकवतात. झोपवलं की घाबरत होत्या, बसवलं की चिडत होत्या. नर्सला विचारून मी त्यांना उभं केलं. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकले आणि आम्ही दोघी या पायावरून त्या पायावर, अशा हलत राहिलो. कळ उतरली की त्या "झालं" म्हणायच्या. मग मीही "झालं" म्हणायचे. दुसरा शब्द सुचला नाही आणि लागलाही नाही. मधेच मला तुझं पत्र आठवलं आणि हसू आलं, तर त्याही हसल्या, कशाला ते न विचारता. मावशी, डुला हे क्रियापदच आहे. उकार तुझा बरोबर, माझा चुकला.

आता खोलीत गेले की मी आधी बाईच्या पायांची बोटं बघते. चेहरा ती माझ्यासाठी हसरा ठेवते, बोटं आखडलेली असतात. नर्सशी आधी दोन शब्द बोलून घेते, म्हणजे मी तिच्या कामात लुडबुडणार नाही हे तिला कळतं. हे मला वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरले असते.

इरावतीताईंनी यावेळी एक गोष्ट सांगितली. कळ आली की बाई कुणाकडे झुकते ते बघ, म्हणाल्या. तोंडानं ती एकाचं नाव घेते आणि झुकते दुसऱ्याकडे. तोंडाचं ऐकून घ्यायचं आणि झुकण्याचं लक्षात ठेवायचं.

दर्शना


गिरगाव,
१४ एप्रिल २०२४

चि. दर्शनास,

आनंदाची बातमी. आपल्या प्रितीला दिवस आहेत. जावई बोटीवर आहे, बाळंतपणाच्या वेळीही बोटीवरच असेल. आमचे तीन जिने तिला झेपणार नाहीत, म्हणून माहेरी न येता ती दादरलाच राहील आणि मी तिकडे जाईन.

तू विचारण्याआधीच लिहिते. तू यायची गरज नाही. माझी मुलगी तुझ्या सरावाची पाटी नाही. मी आहे.

सुभद्रामावशी


लालबाग,
२ जून २०२४

ती. मावशीस,

पत्र मिळालं. समजलं.

दर्शना


गिरगाव,
७ जुलै २०२४

चि. दर्शनास,

तुझं पत्र महिनाभर कपाटावर ठेवलं आहे. येताजाता दिसतं. त्यात छाटायला काही नाही. मालनच्या मुलीचं एवढंसं पत्र मी आजवर पाहिलं नव्हतं.

काल प्रितीनं सांगितलं, की तिनं तुलाच बोलावलं आहे. हॉस्पिटलात आत एकच माणूस सोडतात आणि तिनं तुझं नाव देऊनही टाकलं आहे. म्हणजे तू हे माझ्यापासून लपवलंस. मी रागानं तिच्याकडे जेवले नाही. पाटीचं लिहिलं ते चुकलंच, पण तुम्ही दोघींनी मिळून मला बाहेर काढलंत, ते जास्त लागलं.

मग घरी येऊन बसले आणि स्वतःला विचारलं, की तू आत जाऊन काय करणार होतीस, सुभद्रा. दर्शना, मला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं तर कुकरची शिट्टी आणि माणसाचा आवाज एकाच मापानं आदळतात, म्हणून ते डबीत असतं. माझी मुलगी आत मला हाक मारील आणि मी खिडकीकडे बघत बसलेली असेन. तुझ्या येण्याची मला भीती नव्हती. तू आलीस की सगळ्यांना दिसलं असतं, की म्हातारीचा काही उपयोग नाही. म्हणून ती पाटी काढली.

तूच जा आत. तिला सांभाळ. हे लिहिताना मला रडू येतं आहे, आणि हे वाक्य मी छाटत नाही.

सुभद्रामावशी


लालबाग,
१३ जुलै २०२४

ती. मावशीस,

पत्र बसमध्ये वाचलं आणि दोन स्टॉप पुढे गेले.

लपवलं ही माझी चूक. मला वाटलं तुझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून मी फुगून बसले. प्रितीनं मला काय सांगितलं होतं ते आता लिहिते. ती म्हणाली, आईला आत ऐकू येणार नाही, ती कावरीबावरी होईल, तिला तो त्रास नको. म्हणजे तिनं तुला जपलं, तू तिला जपलंस, आणि बोलणी मी खाल्ली.

ठरलं ते ठरलं, आत मी जाईन. पण दादरच्या घरी कळा सुरू होतील तेव्हापासून तू असशील, आणि तो वेळ थोडा नसतो. त्याची तयारी करायची आहे. एवढ्या बायकांपाशी राहून मला एक कळलं आहे. कळ भरात आली की बाई हाक मारत नाही. तिला शब्द नकोसे होतात. ती डोळे मिटते, खांदे वर घेते, श्वास धरते. यातलं काहीही कानानं कळत नाही. तिच्या कमरेवर हात ठेवलास तर कळ तुला तिच्या आवाजाआधी कळेल.

रविवारी येते. तू बाळंतीण हो, मी तू होते. मग उलट. चहाला आलं घाल.

तुझी,
दर्शना


गिरगाव,
११ ऑगस्ट २०२४

चि. दर्शनास,

तू गेल्यावर सगळी चाळ आली. आपण दोघी गॅलरीत एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हलत होतो, ते समोरच्या माळ्यावरून दिसत होतं. कमलाबाईंनी विचारलं, गणपतीत तुमचं नाचात नाव आहे का? मी हो म्हटलं. आता त्यांना माझ्याशेजारी उभं राहायचं आहे.

मी रोज सराव करते. मिळेल त्याच्या कमरेवर हात ठेवते. भाजीवाली दचकली.

सुभद्रामावशी


दादर, हॉस्पिटलचा बाक,
२९ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,

तू या दाराच्या आत आहेस आणि मी बाहेर, आणि मी तुला पत्र लिहिते आहे. नर्सकडून कागद मागून घेतला. हे मी उद्या रीतसर टपालात टाकीन, म्हणजे गिरगावला परतशील तेव्हा पोस्टमन देईल. मला दुसरं काही सुचत नाही, आणि गप्प बसायला मी अजून पुरती शिकले नाही.

मघाशी दाराशी तुला काही कळलं नाही, तू नुसती माझ्याकडे बघत आत गेलीस. म्हणून काय झालं ते लिहिते.

सकाळी घरी प्रितीला कळा सुरू झाल्या तेव्हा ती मला म्हणाली, दर्शू, तू धर. मी धरलं. तू ओट्याशी पाठमोरी तांदूळ धूत होतीस. पुढची कळ आली आणि ती माझ्या हातातून निघाली, चालत ओट्याशी गेली आणि तुझ्या पाठीवर कपाळ टेकलं. आवाज तिनं केला नव्हता. केला असता तरी तुला ऐकू आला नसता. तू पातेलं खाली ठेवलंस आणि मागे वळूनही न बघता हलायला लागलीस, या पायावरून त्या पायावर. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. त्यानंतर ती एकदाही माझ्याकडे झुकली नाही. नाव मात्र माझंच घेत होती.

इथे दाराशी नर्सनं विचारलं, आत कोण येणार? प्रितीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या मुठीत तुझा पदर होता. मी विचारलं, "प्रिती, तुला आत कोण हवं आहे? मला वाईट वाटणार नाही."

ती म्हणाली, "आई चालेल?"

"कुणाला विचारतेस? तू सांग."

"आई," ती म्हणाली. "मला आई हवी."

नर्स म्हणाली, कागदावर दर्शना लिहिलं आहे. मी म्हटलं, दर्शना मीच, आणि मीच सांगते आहे, नाव बदला. मावशींना ऐकू येत नाही, तेव्हा त्यांना काही सांगायचं असेल तर समोर येऊन खांद्याला हात लावा. ती बरी बाई आहे, मान हलवली आणि तुझा हात धरून आत नेलं. तुझी निळी पेन्सिल अंबाड्यात खोचलेली होती, ती काढायची राहिली.

तर मी आता बाकावर. मावशी, पहिल्या वेळीही मी अशाच बाकावर होते, तो परळचा होता. तेव्हा मला बाहेर काढलं होतं. आज मी आपण होऊन बसले आहे, तरी बाक तेवढाच टणक लागतो. काम जमलं की बाहेर बसावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटणार नाही म्हटलं ते खोटं होतं. थोडं वाटतं आहे. पण त्याहून जास्त मला बरं वाटतं आहे, कारण ती आत एकटी नाही, आणि घड्याळाशी बोलत नाही.

बराच वेळ झाला. आतून काही कळत नाही. मी दाराला कान लावला तर वॉर्डबॉयनं हटकलं. आता मी तुझ्यासारखी झाले आहे, काही ऐकू येत नाही आणि नुसतं दाराकडे बघत बसायचं. हे फार अवघड आहे गं. तू कसं

दार उघडलं. नर्स माझ्याकडेच येते आहे, हसते आहे. हातात चिठ्ठी आहे, औषधाच्या पाकिटाचा फाडलेला तुकडा, आणि त्यावर निळी पेन्सिल.


"मुलगी. दोघी सुखरूप. खूप डुललो. 'खूप' छाटू नये. आत ये. मावशी."